दुसऱ्याच्या घरची खारट भाकरी : दान्ते नावाचा कवी, सोप्या भाषेत

फ्लॉरेन्समधे कुठल्याही साध्या खानावळीत बसा, जेवणाआधी एका टोपलीत पावाचे जाड तुकडे आणून ठेवतात आणि पहिला घास घेतला की वाटतं अरे, मीठ टाकायला विसरले की काय हे लोक. विसरलेले नसतात. त्या सगळ्या भागात, म्हणजे तोस्काना प्रांतात, पाव बिनमिठाचाच करतात, पिढ्यानपिढ्या, आणि सोबतचं चीज किंवा मांस चांगलं खारट असल्यामुळे त्यांचं जमून जातं. मला पहिल्या दिवशी तो पाव घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मात्र तोच पाव चावता चावता एक ओळ आठवली जी मी आधी कितीतरी वेळा वाचली होती आणि तरी नीट कळली नव्हती, "दुसऱ्याच्या घरची भाकरी किती खारट लागते ते तुला कळेल, आणि दुसऱ्याचे जिने चढणं-उतरणं किती अवघड वाट असते तेही." लहानपणापासून बिनमिठाचा पाव खाल्लेल्या माणसाला गावातून हाकलून दिलं आणि परगावी तो कुणाच्यातरी पंगतीला बसला, तर तिथला पाव त्याला खरोखरच खारट लागणार की. रोज, प्रत्येक घासाला. परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, वरणाची चव बदलली की कसं होतं.

ही ओळ लिहिणारा माणूस म्हणजे दान्ते अलिगिएरी. जन्म १२६५, फ्लॉरेन्स. मृत्यू १३२१, रावेन्ना. या दोन गावांमधलं अंतर आज गाडीने दोनअडीच तासांचं असेल, पण दान्तेची अख्खी गोष्ट त्या अंतरात आहे, कारण आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षं तो स्वतःच्या गावात पाऊल ठेवू शकला नाही आणि त्याच वीस वर्षांत त्याने जे लिहिलं त्यामुळे आपण आज सातशे वर्षांनी त्याच्याबद्दल बोलतोय. 'डिव्हाईन कॉमेडी' हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, ते नरकाबिरकाचं काहीतरी आहे इतकंही माहीत असतं, पण पुस्तक उघडलं की पहिल्या दहा पानांत शंभर नावं आणि तीनशे तळटीपा अंगावर येतात आणि माणूस ते परत कपाटात ठेवतो. म्हणून हा लेख. आधी माणूस कळला तर पुस्तक खूप सोपं जातं हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तर तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता. सुटी सुटी शहरं होती, प्रत्येकाचं राज्य वेगळं, नाणं वेगळं, सैन्य वेगळं, आणि शेजारच्या शहराशी हाडवैर. फ्लॉरेन्स त्यातलं श्रीमंत शहर, लोकर, कापड आणि सावकारी यावर मोठं झालेलं, त्यांचा सोन्याचा फ्लोरिन युरोपभर चालायचा. आणि या शहरांमधे दोन पार्ट्या, ग्वेल्फ म्हणजे पोपच्या बाजूचे आणि गिबेलिन म्हणजे जर्मन सम्राटाच्या बाजूचे. पण नावं काहीही असोत, आत खरा प्रकार भावकीचा होता, कुणाच्या आज्याने कुणाच्या चुलत्याला मारलं, कुणाची सोयरीक मोडली, हे सगळं त्या दोन झेंड्यांखाली चालायचं. दान्ते ग्वेल्फ घरातला. १२८९ साली काम्पाल्दिनोच्या मैदानावर फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फांनी अरेझ्झोच्या गिबेलिनांना हरवलं तेव्हा हा चोवीस वर्षांचा पोरगा घोडदळात पुढच्या फळीला होता. म्हणजे कवी म्हणून आपल्या डोळ्यासमोर जी लाल टोपीवाली, धारदार नाकाची आणि सदा रागावलेली इमेज येते, तिच्या आधीचा एक तलवार घेतलेला तरुण दान्ते आहे.

आणि एक प्रेमात पडलेला दान्तेही आहे. नऊ वर्षांचा असताना त्याने बेआत्रिचे नावाची मुलगी पाहिली, साधारण त्याच्याच वयाची. नंतर नऊ वर्षांनी ती रस्त्यात भेटली आणि तिने त्याला नमस्कार केला. बस्स. एवढंच. तिचं लग्न बार्दी नावाच्या सावकार घराण्यात झालं, याचं लग्न लहानपणीच जेम्मा दोनातीशी ठरलेलं होतं ते झालं, आणि १२९० मधे बेआत्रिचे वारली, पंचविशीही गाठली नव्हती. आपल्याला आज हे विचित्र वाटतं की एका नमस्कारावर माणूस आयुष्यभर कसा काय लिहितो, पण त्याने पुढच्या काही वर्षांत तिच्यावरच्या कविता आणि त्या कविता कशा सुचल्या याचं गद्य असं एकत्र गुंफून 'व्हिता नुओव्हा' म्हणजे 'नवं जीवन' हे छोटंसं पुस्तक केलं, आणि शेवटी लिहिलं की आजवर कुठल्याही स्त्रीबद्दल कुणी बोललं नसेल असं तिच्याबद्दल बोलता येईपर्यंत मी आता गप्प बसणार. हे वाक्य त्याने तिशीच्या आसपास लिहिलं आणि खरं करून दाखवलं. त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

आता त्याच्या आयुष्याचं वळण. फ्लॉरेन्समधे नियम होता की सरकारात पद हवं असेल तर कुठल्यातरी व्यावसायिक संघाचा मेंबर असलं पाहिजे, म्हणून दान्तेने १२९५ मधे वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात नाव घातलं. १३०० सालच्या जून ते ऑगस्ट अशा दोन महिन्यांसाठी तो शहराच्या सहा प्रायरपैकी एक झाला, हे तिथलं सगळ्यात वरचं पद. तोवर गिबेलिन हरले होते पण जिंकलेल्या ग्वेल्फांमधेच काळे आणि पांढरे अशी फूट पडलेली. काळ्यांचा म्होरक्या कोर्सो दोनाती, म्हणजे बायकोच्याच घराण्यातला माणूस. दान्ते पांढऱ्यांचा, कारण पोप बोनिफेस आठवा शहराच्या कारभारात हात घालतोय हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. मारामाऱ्या वाढल्या तेव्हा प्रायरांनी दोन्हीकडच्या म्होरक्यांना शहराबाहेर काढायचं ठरवलं, आणि त्या यादीत गुइदो काव्हालकान्ती होता. दान्तेचा जिवलग, ज्याला त्याने 'व्हिता नुओव्हा' मधे 'माझा पहिला मित्र' म्हटलंय तो. गुइदो बाहेर गेला, तिथे आजारी पडला, परत आला आणि त्याच ऑगस्टमधे वारला. या हुकुमामागे दान्तेचाही हात होता. मला वाटतं पुढे नरकात फिरताना त्याला लोकांची इतकी दया का येते आणि त्या दयेची त्याला स्वतःलाच इतकी भीती का वाटते त्याचं एक मूळ इथे असणार.

१३०१ च्या नोव्हेंबरमधे फ्रेंच राजाचा भाऊ शार्ल, पोप बोनिफेसनेच धाडलेला, सैन्य घेऊन 'शांतता करायला' फ्लॉरेन्समधे शिरला, त्याच्या आडोशाने काळे परत आले आणि पांढऱ्यांची घरं लुटली. दान्ते तेव्हा गावातच नव्हता, पोपकडे शिष्टाई करायला रोमला गेलेला. २७ जानेवारी १३०२ ला त्याच्या पाठीमागे निकाल लागला की याने पदावर असताना पैसे खाल्ले, दंड ५००० फ्लोरिन, दोन वर्षं हद्दपारी. तो दंड भरायला आला नाही. १० मार्चला दुसरा निकाल, सापडला तर जिवंत जाळा. तो छत्तीस वर्षांचा होता, घरी बायको आणि लहान मुलं.

इथून पुढे वेरोना, लुनिजियाना, परत वेरोना, शेवटी रावेन्ना. आज या सरदाराच्या वाड्यावर, उद्या त्याच्या. पत्रं लिहून दे, तहाच्या वाटाघाटी कर, आणि कुणाच्यातरी जिन्यावरून वर जा, खाली ये. सुरुवातीला तो बाकीच्या हद्दपार लोकांबरोबर परत घुसायचे बेत करत होता, मग त्यांच्याशीही पटेना, तेव्हा त्याच्या कवितेतला पणजोबाचा बाप त्याला सांगतो की तुला सगळ्यात जड होईल ती ही सोबतची नालायक मंडळी, तू आपला एकट्याचाच पक्ष काढ, बरं पडेल. १३१५ मधे फ्लॉरेन्सने ऑफर दिली की थोडा दंड भर, चर्चमधे सगळ्यांसमोर गुन्हेगारासारखा उभा राहा, मग ये घरी. कितीतरी जण गेले. दान्तेने एका ओळखीच्याला पत्र लिहून कळवलं की असा नाही येणार. सूर्य आणि तारे मला कुठूनही दिसतील ना? आणि त्या पत्राचं शेवटचं वाक्य, "भाकरी तर मिळेलच." परत भाकरीच. त्याच वर्षी त्याची शिक्षा पुन्हा कायम झाली आणि या वेळी त्यात त्याची मुलंही घातली.

या सगळ्या फिरण्यात, १३०८ च्या आसपास सुरू करून मरेपर्यंत, त्याने ती कविता लिहिली. तो स्वतः तिला फक्त 'कोमेदिया' म्हणतो. 'दिव्य' हे विशेषण नंतरच्या लोकांनी लावलं, आधी पुढच्या पिढीतल्या बोक्काच्चो या लेखकाने कौतुकाने वापरलं आणि १५५५ च्या व्हेनिसच्या छापील प्रतीपासून ते नावातच बसलं. आणि कॉमेडी म्हणजे विनोदी असा अर्थ नाही. तेव्हा जी गोष्ट वाईटापासून सुरू होऊन चांगल्यात संपते आणि जी साध्या बोलीत सांगितलेली असते तिला कॉमेडी म्हणायचे. गोष्ट अशी की १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात पस्तिशीतला दान्ते एका काळ्या रानात वाट चुकतो, रोमन कवी व्हर्जिल येऊन त्याला हाताशी धरतो आणि म्हणतो बाहेर पडायची वाट खालून जाते. मग पृथ्वीच्या पोटातला नरक, एखाद्या नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत जाणारा, नऊ वेढ्यांचा. मग समुद्रातून वर आलेला शुद्धीचा डोंगर, सात कट्ट्यांचा, तो चढायचा. आणि वरच्या टोकाला व्हर्जिल निघून जातो आणि समोर बेआत्रिचे उभी, ती त्याला नऊ स्वर्गांतून वर नेते. एकूण १०० सर्ग, १४,२३३ ओळी. तिन्ही भागांचा शेवटचा शब्द एकच, 'स्तेल्ले', म्हणजे तारे.

नरक सगळ्यात जास्त वाचला जातो आणि त्यात दान्तेची एक युक्ती आहे जी कळली की सगळं उलगडतं, शिक्षा ही बाहेरून लादलेली नाहीच, जे केलंस तेच तुला कायमचं मिळणार. वासनेने वाहवत गेलेले लोक तिथे वादळात कायम वाहवत असतात. भविष्य सांगणारे, ज्यांना फार पुढचं बघायचं होतं, त्यांची मुंडकी पाठीकडे फिरवलेली, ते रडतात तेव्हा आसवं पाठीवरून खाली ओघळतात. तोंडपुजे गुवात बुडालेले, अगदी असंच लिहिलंय त्याने, शब्द न झाकता. आणि सगळ्यात तळाला आग नाहीये, बर्फ आहे. विश्वासघातक्यांची जागा ती, कारण ज्याने आपल्या माणसाला फसवलं त्याच्यातली ऊब आधीच गेलेली. मधोमध सैतान अडकलेला आणि सुटण्यासाठी तो पंख फडफडवतो त्याच वाऱ्याने ते पाणी गोठत राहतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

एक प्रसंग जरा जवळून बघू, एकोणिसावा सर्ग. धर्मातली पदं विकून पैसा करणारे लोक खडकातल्या गोल भोकांमधे डोकं खाली पाय वर असे खोचलेले आहेत आणि वर दिसणाऱ्या तळव्यांवर ज्योती नाचतायत. दान्ते म्हणतो ही भोकं माझ्या त्या सुंदर सान जोव्हान्नीमधल्या भोकांएवढीच होती, म्हणजे फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मा-मंदिरातल्या, आणि लगेच सांगतो की त्यातलं एक मी काही वर्षांपूर्वी फोडलं होतं कारण आत कुणीतरी बुडत होतं. नरकाच्या मधोमध उभं राहून या माणसाला गावातल्या देवळातली दगडी कुंडं आठवतायत! मग तो वाकून एका तळव्यांच्या जोडीशी बोलायला जातो तर खालून आवाज येतो, "आलास का रे बोनिफेस? एवढ्यात आलास?" तो आत खोचलेला पोप निकोलस तिसरा, त्याला वाटतं पुढचा पोप आला. गोष्ट घडते १३०० मधे आणि बोनिफेस वारला १३०३ मधे, म्हणजे जिवंत पोपची नरकातली सीट दान्तेने त्याच्याच पूर्वसुरीच्या तोंडून आधीच बुक करून टाकली. ज्या माणसामुळे घर गेलं त्याला असं उत्तर. पण दान्ते फक्त शत्रूंनाच नरकात टाकत नाही हे लक्षात ठेवायला हवं, ज्याला तो वडिलांसारखं मानायचा तो ब्रुनेत्तो लातिनीही तिथे आहे, आणि त्याच्याशी बोलताना दान्ते आदराने मान खाली घालून चालतो.

आणि पाचवा सर्ग, फ्रान्चेस्का आणि पाओलो. दीर आणि भावजय, दोघं मिळून लान्सलॉट नावाच्या सरदाराच्या प्रेमाची गोष्ट वाचत होती, वाचता वाचता डोळे भिडले, चुंबनाचा प्रसंग आला, आणि ती म्हणते "त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही." तिच्या नवऱ्याने दोघांना मारलं. दान्ते हे ऐकून मेल्यासारखा कोसळतो. आता यातली पुढची गंमत बघा, दान्तेला शेवटी ज्याने मायेने घर दिलं तो रावेन्नाचा गुइदो नोव्हेल्लो हा याच फ्रान्चेस्काचा भाचा. आत्याला नरकात दाखवलेल्या कवीला त्याने आपल्या गावी मानाने ठेवून घेतलं, कारण बहुतेक आत्याबद्दल इतकं हळुवार कुणीच बोललं नव्हतं.

आता थोडं यमकाबद्दल, कारण भाषांतरात हे हरवतं. दान्तेने स्वतःचा एक साचा काढला, तीन तीन ओळींची कडवी, पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींशी जुळते आणि मधली ओळ पुढच्या कडव्याच्या पहिल्या-तिसऱ्या ओळीशी. हे भाषांतर नाही, फक्त साचा कळावा म्हणून मी जुळवलंय :

रानामध्ये हरवली माझी वाट,
सूर्य गेला डोंगराआड बुडून,
काळोख पसरला चहूकडे दाट.

हाक दिली मी सगळा जीव ओढून,
तेवढ्यात दिसली एक सावली,
हळूच आली झाडांच्या आडून.

वाट-दाट संपलं, पण 'बुडून' ने पुढचं दार उघडलं, आणि आता 'सावली' लोंबकळतेय, पुढच्या कडव्यात तिला 'माउली' किंवा 'पावली' शोधावी लागणार. साखळीची प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकलेली, त्यामुळे थांबताच येत नाही, पावलापुढे पाऊल पडत राहतं, चौदा हजार ओळी. आणि एक फायदा असा की मधली एखादी ओळ कुणी गाळली किंवा घुसडली तर लगेच पकडलं जातं. दान्तेच्या हातचा एकही कागद शिल्लक नाही, सहीसुद्धा नाही, सगळ्या प्रती दुसऱ्यांनी उतरवलेल्या, शेकड्यांनी, तरी कविता एकसंध पोचली त्याचं थोडं श्रेय या साखळीला द्यावं लागेल.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे भाषा. देव, पाप, खगोलशास्त्र, राजकारण असं सगळं भारदस्त लिहायचं तर लॅटिनमधे, असा तेव्हाचा शिरस्ता, बोलीत लिहायची ती प्रेमाची गाणी. दान्तेला लॅटिन उत्तम येत होतं. बोलभाषा कशी श्रेष्ठ आहे हे पटवणारं पुस्तकच त्याने लॅटिनमधे लिहिलं, कारण ज्यांना पटवायचं होतं ते विद्वान लॅटिनच वाचायचे. त्यात तो म्हणतो की ही भाषा आपण दाईच्या तोंडून, व्याकरणाचा एकही नियम न शिकता उचलतो, म्हणून ती जास्त थोर. मग इटलीतल्या चौदा बोली एकेक घेऊन तपासतो आणि एकही पसंत पडत नाही, स्वतःच्या गावचीसुद्धा. 'कोमेदिया' लिहिताना मात्र पाया त्याच गावच्या बोलीचा घेतो आणि तिच्यात लॅटिन, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची भाषा, उत्तरेकडचे शब्द, बाजारातल्या शिव्या, सगळं सामावून घेतो. त्यात 'पाप्पो' असाही एक शब्द आहे, आपलं बाळ जसं मम्मम् म्हणतं तसं तिकडचं बाळ पावाला पाप्पो म्हणतं. देवाच्या दारापर्यंत जाणाऱ्या कवितेत बाळाचा मम्मम्!

बोलोन्याचा एक प्राध्यापक होता, जोव्हान्नी देल व्हिर्जिलिओ. त्याने दान्तेला लॅटिन कवितेत पत्र लिहिलं की एवढे मोठे विषय तुम्ही सामान्य गर्दीपुढे का टाकताय, लॅटिनमधे लिहा, आम्ही तुमचा सत्कार करू. दान्तेने तितक्याच सुरेख लॅटिनमधे उत्तर दिलं आणि नम्रपणे नाही म्हटलं. हे वाचताना मला आपले महानुभाव नागदेवाचार्य आठवल्याशिवाय राहत नाहीत. शिष्य केसोबास संस्कृतात लिहायला लागला तेव्हा त्यांनी अडवलं, की याने माझ्या स्वामींची साधी माणसं वंचित होतील. तो काळही जवळपास तोच, आणि नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली ते वर्ष १२९०, म्हणजे बेआत्रिचे गेली तेच. यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, कुणी कुणाचं ऐकलेलं नव्हतं. पण मराठी वाचकाला दान्तेचा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

आणि लोकांनी ती कविता खरंच उचलली. फ्रांको साक्केत्तीने चौदाव्या शतकात लिहिलेल्या एका कथेत दान्ते रस्त्याने जाताना एक लोहार ऐरणीवर काम करत त्याच्या ओळी गातोय, शब्द गाळत, वाटेल ते घुसडत. दान्ते आत जातो आणि त्याचा हातोडा, सांडशी, तराजू एकेक करून रस्त्यावर फेकायला लागतो. लोहार ओरडतो अहो माझा धंदा का बुडवताय, तर हा म्हणतो, तू माझा बुडवतोयस ना. ही घडलेली हकीकत असण्यापेक्षा दंतकथा असण्याचीच शक्यता जास्त, पण लोहाराच्या तोंडी दान्ते असणं ही लोकांना सहज पटणारी गोष्ट होती हे त्यातून दिसतं. १३७३ मधे तर त्याला हाकलणाऱ्या फ्लॉरेन्सनेच पैसे देऊन बोक्काच्चोकडून चर्चमधे या कवितेवर जाहीर व्याख्यानं ठेवली. पुढे इटलीची प्रमाण भाषा ठरवायची वेळ आली ती दान्ते, पेत्रार्क आणि बोक्काच्चो यांच्या तोस्कानी भाषेवरच उभी राहिली, आणि १८६१ मधे देश एक झाला तेव्हा सगळ्यांना मिळून आपली म्हणता येईल अशी जी एक गोष्ट होती ती म्हणजे ही भाषा. आज इटलीच्या दोन युरोच्या नाण्यावर दान्तेचा चेहरा आहे, आणि २०२० पासून २५ मार्च हा त्याचा दिवस म्हणून पाळतात.

भारतीय वाचकाने एक जागा मुद्दाम वाचावी, स्वर्गाचा एकोणिसावा सर्ग. तिथे सिंधू नदीच्या काठच्या एका माणसाचा प्रश्न येतो. तो तिकडे जन्मला, ख्रिस्ताचं नावही सांगणारं तिथे कुणी नाही, त्याचं वागणं बोलणं सगळं चांगलं, आणि तो बाप्तिस्म्याशिवाय मेला. मग त्याला दोषी ठरवणारा हा कुठला न्याय, त्याची चूक काय? मध्ययुगातल्या कट्टर श्रद्धावान माणसाच्या मनात आपल्या बाजूच्या अनोळखी माणसासाठी हा प्रश्न वर्षानुवर्षं सलत होता हे मला थोर वाटतं. उत्तरात आधी दान्तेला दम मिळतो की तुझी नजर वीतभर, तू हजार मैलांवरचा न्याय करणारा कोण, पण लगेच असंही सांगितलं जातं की 'ख्रिस्त ख्रिस्त' ओरडणारे कित्येक जण शेवटच्या दिवशी त्याला न ओळखणाऱ्यापेक्षाही लांब उभे असतील. आणि पुढच्याच सर्गात स्वर्गात दोन बिगरख्रिश्चन बसलेले दिसतात. पुरतं समाधान होत नाही, दान्तेचंही झालं नसावं. व्हर्जिललाही त्याने स्वर्गात नेलं नाहीच, आणि ते दुःख त्या डोंगराच्या शेवटी भरून राहिलंय.

प्रभाव म्हणाल तर बोत्तिचेल्लीने अख्ख्या कवितेची चित्रं काढायला घेतली, दोरेने कोरीव चित्रं केली, रोदाँचा तो विचार करत बसलेला माणूस मुळात 'नरकाचं दार' या शिल्पातला. आपल्याकडे बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६५ साली त्याच्या सहाशेव्या जयंतीला सुनीत लिहून इटलीच्या राजाला पाठवलं. पण मला प्रीमो लेव्हीचा प्रसंग यापेक्षा मोठा वाटतो. ऑशविट्झच्या छळछावणीत १९४४ मधे हा इटालियन ज्यू केमिस्ट सूपचं पातेलं आणायला एका फ्रेंच मुलाबरोबर चाललाय, वाटेत त्याला इटालियन शिकवायचं म्हणून ग्रीक वीर युलिसीसचा सर्ग, नरकाचा सव्विसावा, आठवून आठवून म्हणतोय, "तुम्ही जनावरासारखं जगायला जन्मला नाहीत." मधल्या काही ओळी आठवत नाहीत. आणि तो लिहितो की त्या ओळी जोडता आल्या असत्या तर आजचं सूप मी देऊन टाकलं असतं. तिथे सूप देणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मुंबईशी दान्तेचं एक खरंखुरं नातं आहे. फोर्टमधे एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे टाउन हॉलच्या, त्या उंच पायऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्या वास्तूतल्या संग्रहात 'कोमेदिया'ची एक अत्यंत जुनी हस्तलिखित प्रत आहे, मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीच्या काळात इटलीने ती परत मिळवण्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली होती आणि सोसायटीने नको म्हटलं, अशी गोष्ट सांगतात.

कुठून सुरू करू असं मला कुणी विचारलं तर मी सांगते नरकाचा पाचवा आणि सव्विसावा सर्ग वाचा, तळटीपा न बघता, मग सरळ शुद्धीच्या डोंगराचा पहिला. नरक जास्त गाजलेला आहे पण माझा जीव डोंगरात आहे, तिथे पहाट होते, समुद्र लांबवर थरथरताना दिसतो, लोक एकमेकांना वाट विचारतात आणि एकमेकांसाठी थांबतात.

दान्ते १३२१ च्या सप्टेंबरमधे गेला, व्हेनिसला शिष्टाई करून दलदलीच्या वाटेने परत येताना मलेरिया झाला. रावेन्नात पुरला. मग फ्लॉरेन्सला त्याची हाडं हवीशी झाली. १५१९ मधे पोप लिओने, तो मेदिची म्हणजे फ्लॉरेन्सचाच, परवानगी दिली, मायकेलअँजेलोने कबर मी घडवतो म्हणून अर्जावर सही केली, माणसं रावेन्नाला पोचली आणि शवपेटी उघडली तर आत जवळजवळ काहीच नाही. शेजारच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून हाडं काढून घेतली होती. ती १८६५ मधे, बरोबर त्याच्या सहाशेव्या वर्षी, दुरुस्ती करताना भिंतीत एका लाकडी पेटीत सापडली. पेटीवर लिहिलेलं, दान्तेची हाडं मी इथे ठेवली, फ्रा अंतोनिओ सांती, १६७७. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ती पुन्हा बाहेर काढून मातीच्या ढिगाखाली पुरली आणि युद्ध संपल्यावर परत ठेवली. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधे त्याची भलीमोठी कबर आहे, १८२९ ची, आत कुणी नाही.

स्वर्गाच्या पंचविसाव्या सर्गात त्याने लिहिलंय की ज्या कवितेने मला इतकी वर्षं वाळवून टाकलं तिने कधी गावाचं मन वितळवलं, तर वेगळ्या आवाजाने, पिकल्या केसांनी मी परत येईन आणि जिथे माझा बाप्तिस्मा झाला त्या कुंडाशी उभा राहून कवीचा मुकुट घालीन. त्याला तो दुसरीकडे मिळत होता, बोलोन्याचा तो प्राध्यापक द्यायला तयारच होता. त्याला तिथेच हवा होता. २००८ मधे फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने मतदान घेऊन त्याची शिक्षा रद्द केली, ठराव सगळ्यांच्या मताने झालाही नाही, काहींनी विरोधात मत दिलं.

रावेन्नातली कबर एका गल्लीच्या टोकाला आहे, आपल्याकडच्या एखाद्या समाधीच्या गाभाऱ्याएवढी छोटी खोली. आत छताला एक दिवा टांगलेला, त्याचं तेल दरवर्षी सप्टेंबरमधे फ्लॉरेन्सहून येतं, तोस्कानाच्या टेकड्यांवरच्या ऑलिव्हचं. खाली दगडावर जुनी लॅटिन अक्षरं आहेत, की आपल्या भूमीतून घालवून दिलेला मी दान्ते इथे आहे, ज्याला फ्लॉरेन्सने जन्म दिला, माया कमी असलेल्या आईने.